काउंटरवर काय ठेवायचं, डेस्कटॉप की लॅपटॉप?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बेअरिंग आणि व्ही-बेल्टचं दुकान टाकलं तेव्हा मी लॅपटॉप घेतला होता. आज काउंटरवर डेस्कटॉप आहे. रॅम-प्रोसेसरच्या चर्चेत शिरत नाही. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि बिलिंगला आजकालचं कुठलंही बरं मशीन पुरतं.

लॅपटॉपची बाजू लंगडी नाही. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, पण बिल थांबत नाही. डेस्कटॉपला यूपीएस आलाच. लाईट गेली की तो टी-टी करत डोकं उठवतो आणि दोन-तीन वर्षांत नवी बॅटरी मागतो. शिवाय 11 तारीख आली आणि जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचा जीएसटी रिटर्न, राहिला असेल, तर लॅपटॉप घरी नेऊन जेवणानंतर उरकता येतो. ही चैन मी भरपूर केली.

तीच अंगाशी आली. लॅपटॉप माझ्याबरोबर फिरायचा आणि दुकान जागेवर. एका दुपारी मी लॅपटॉप घेऊन सीएंकडे बसलेलो. इकडे निपाणीचं गिऱ्हाईक टेम्पो लावून उभं. निपाणी आपल्याला शेजारचं गाव वाटतं, पण माल कर्नाटकात जाणार, रक्कम 50,000 च्या वर. ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा कागद, लागणारच. दुकानातल्या पोराचा फोन आला, "दादा, माल भरलाय, बिल कशावर काढू?" मागून टेम्पोवाला, "बिल हाय का न्हाय, मालक?" ई-वे बिल मोबाईलवरूनही निघतं हो, पण ज्याच्यावरून काढायचं ते बिलच टॅलीत, आणि टॅली माझ्या मांडीवर. फाईल तशीच टाकून निघालो. पुढं महिन्यातून तीन-चारदा हेच.

दुसरं म्हणजे ग्रीस. आमच्या पोरांचे हात कायम काळे. एंटरच्या बटणावरची अक्षरं कधीच पुसली गेली. डेस्कटॉपचा कीबोर्ड पाच-सहाशेत बदलला. लॅपटॉपच्या कीबोर्डला दुरुस्तीवाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी चहा मागवला.

डेस्कटॉप जुना घेणार असाल तर एवढं बघा: विंडोज 10 चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे अपडेट, ऑक्टोबर 2025 मध्ये संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीची जवळपास सगळी मशीनं विंडोज 11 चालणाऱ्यांच्या यादीत नाहीत. स्वस्तात गळ्यात मारतात ती बहुतेक हीच. हार्डडिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी (तिच्याहून वेगवान डिस्क) टाकून घ्या.

तुम्ही एकटेच असाल, साईटवर जाऊन कोटेशन देण्याचा धंदा असेल, तर माझं ऐकू नका, लॅपटॉपच घ्या. पण काउंटर असेल आणि त्यावर तुमच्याशिवाय दुसरं कोणी बसणार असेल, तर मला तरी डेस्कटॉप बरा वाटतो. परवा मी दिवसभर इचलकरंजीत होतो. पोराचा एकच फोन आला, तोही सुट्ट्या पैशांसाठी.