पुण्यात पहिला फ्लॅट: वाघोली, रावेत-पुनावळे, हिंजवडी, सिंहगड रस्ता की प्राधिकरण?

पहिला फ्लॅट घेणारे बहुतेक जण आधी दर बघतात, मग ऑफिसपासूनचं अंतर आणि शेवटी सॅम्पल फ्लॅट. पाण्याचा प्रश्न निघतो तो पझेशननंतर. पुण्यात हा क्रम महागात पडतो. रस्ता पुढेमागे रुंद होतो, मेट्रोही येते. पण जिथे महापालिकेची जलवाहिनी पोहोचलेली नाही, तिथे घराचा महिन्याचा खर्च टँकर ठरवतो. म्हणून खालचे पाचही परिसर आधी पाण्यावर तपासले आहेत, मग रस्त्यावर आणि त्यानंतर कागदपत्रांवर.

टँकरचं गणित एकदा मांडून बघा. माणशी रोज १३५ लिटर हे पाणीपुरवठ्याचं रूढ प्रमाण आहे. २०० फ्लॅटच्या सोसायटीत घरटी ४ माणसं धरली तर रोज १,०८,००० लिटर पाणी लागतं, म्हणजे १०,००० लिटरचे जवळपास ११ टँकर. टँकर १,००० रुपयांना धरला तरी महिन्याला प्रत्येक फ्लॅटच्या वाट्याला १,६५० रुपये येतात, आणि हे लिफ्ट, सुरक्षारक्षक, एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा) यांच्या मेंटेनन्सच्या वर. उन्हाळ्यात बोअर आटले की दर वाढतात आणि फेऱ्या कमी होतात. महापालिकेचं पाणी मिळेपर्यंत स्वखर्चानं पाणी पुरवू, असं हमीपत्र बांधकाम परवानगीच्या वेळी विकासकाकडून घेतलं जातं. पण सोसायटी ताब्यात आली की टँकरचं बिल रहिवाशांच्या माथी येतं. या हमीपत्राची प्रत बुकिंगच्या आधीच मागून घ्या.

वाघोली. जून २०२१ मध्ये ज्या २३ गावांचा पुणे महापालिकेत समावेश झाला, त्यांतलं हे एक. त्याआधीच्या बऱ्याच इमारतींना परवानगी पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आहे, त्यामुळे दोन्ही कार्यालयांची कागदपत्रं बघावी लागतात. खराडी आणि नगर रस्त्यावरच्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्यांना हा भाग सोयीचा वाटतो, कारण खराडीपेक्षा दर कमी. ते कमी असण्याची कारणं जागेवर दिसतात: पाणी, सकाळ-संध्याकाळ नगर रस्त्यावर होणारी कोंडी, आणि खाणी-क्रशरच्या बाजूची धूळ व डंपर. रामवाडीपर्यंतची मेट्रो मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. तिथून वाघोलीपर्यंतच्या विस्ताराला केंद्रानं जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. मंजुरी मिळाली म्हणजे गाडी धावली असं नव्हे. त्या नावाखाली आज जास्तीचा दर देऊ नये. वाघोलीत घ्यायचंच असेल तर भोगवटा पत्र मिळालेली, लोक राहायला आलेली इमारत घ्या आणि सोसायटीच्या कार्यालयात मागच्या एप्रिल-मे महिन्यांची टँकरची बिलं बघा. त्या दोन बिलांतून जे कळतं ते कुठल्याही माहितीपत्रकात मिळत नाही.

रावेत, पुनावळे, ताथवडे. हा भाग पिंपरी-चिंचवड महापालिकेत, पाणी पवना धरणाचं. शहरात नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं, त्यामुळे इमारतीची साठवण निर्णायक ठरते. जमिनीखालची आणि गच्चीवरची टाकी मिळून किमान दोन दिवसांचं पाणी मावायला हवं. वरच्या हिशेबानं २०० फ्लॅटना ते सव्वादोन लाख लिटरच्या आसपास होतं. अग्निशमनाची टाकी यात धरू नका. ते पाणी वापरता येत नाही. नव्या, मोठ्या सोसायट्यांत नळाचं पाणी पुरत नाही आणि इथेही टँकर लागतात, पण वाहिनी आहे, मीटर आहे, तक्रार करायला प्रभाग कार्यालय आहे. हिंजवडीला कामाला जाणाऱ्यांसाठी या यादीत हा भाग आम्हाला सगळ्यांत उजवा वाटतो. अडचण मुंबई-बंगळुरू महामार्गाखालच्या अरुंद भुयारी मार्गांची. पुनावळे, ताथवडे आणि भूमकर चौक इथे गर्दीच्या वेळी रांगा लागतात, पावसात पाणी साचतं. ऑफिस आणि घर महामार्गाच्या एकाच बाजूला असेल तर रोजचा बराच त्रास वाचतो. म्हणून नकाशावरचं अंतर मोजण्यापेक्षा महामार्ग ओलांडावा लागतो का ते बघा. रावेतमध्ये नदीकाठच्या भूखंडांवर पूररेषा आणि किवळेकडे जाताना देहूरोड दारूगोळा कोठाराच्या २,००० यार्डांच्या ‘रेड झोन’ची हद्द तपासायलाच हवी. रेड झोनमध्ये बांधकामाला परवानगी मिळत नाही, आणि तिथल्या स्वस्त घरावर बँक कर्जही देत नाही. तळवडे, रुपीनगर आणि निगडीचा काही भागही याच हद्दीत येतो.

हिंजवडी, माण. ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर, हा एकच मोठा फायदा. कारभार ग्रामपंचायत, एमआयडीसी आणि पीएमआरडीए यांच्यात वाटलेला, त्यामुळे खड्डा किंवा तुंबलेलं गटार नेमकं कुणाचं हेच ठरत नाही. माण ते शिवाजीनगर हा २३ किलोमीटरचा मेट्रो मार्ग शहराकडे जाणाऱ्यांच्या कामाचा, पण तो सुरू झाला आहे का ते आधी बघा. भाड्यानं राहायला हा भाग चांगला. पहिलं घर म्हणून नोकरी बदलली की गैरसोयीचा.

सिंहगड रस्ता. धायरी, नांदेड, किरकटवाडी. खडकवासला धरण इतकं जवळ असून शुद्ध पाण्याची खात्री नाही, हे इथलं दुखणं. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण याच पट्ट्यात मोठ्या संख्येनं सापडले आणि पाण्याच्या शुद्धीकरणाचा प्रश्न ऐरणीवर आला. फ्लॅट बघायला जाताना क्लोरीन तपासायच्या ओटी (ऑर्थोटोलिडिन) द्रावणाची बाटली न्या. नळाच्या पाण्यात दोन-चार थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असायला हवं. टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार दाखवतो, जंतूंबद्दल काहीच सांगत नाही. मुठेच्या काठाला तर पूररेषा बघितल्याशिवाय बयाणा देऊच नका. २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, ते धरणातून विसर्ग वाढल्यावर. निळी रेषा २५ वर्षांतल्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची. लाल रेषेच्या आत असेल तर तळमजल्याचं पार्किंग, मीटर रूम आणि पंप कुठल्या उंचीवर आहेत ते बघा, कारण पुरात सगळ्यांत आधी तेच बंद पडतात.

निगडी प्राधिकरण. आखीव रस्ते, झाडी, जवळ आकुर्डी स्टेशन आणि पुणे-लोणावळा लोकल. नवं बांधकाम कमी, त्यामुळे बहुतेक घरं जुन्या इमारतींतली. जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असल्यानं विक्रीला पीएमआरडीएची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागतं. ते कुणी भरायचं हे करारात लिहून घ्या. तरीही दोन बेडरूमचा जुना फ्लॅट इथे आणि तीन बेडरूमचा नवा वाघोलीत, एवढाच पर्याय असेल तर आम्ही प्राधिकरण सुचवू.

परिसर ठरला की सर्व्हे नंबर विचारून घ्या. त्यावरून तीन गोष्टी घरबसल्या कळतात. महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं नियामक प्राधिकरण) संकेतस्थळावर मंजूर नकाशा, कायदेशीर अहवाल, प्रकल्पावरचं कर्ज, दर तिमाहीची प्रगती आणि पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे गेली ते दिसतं. सेवा म्हणून हे संकेतस्थळ उपयोगी आहे, पण नोंदणी म्हणजे पाण्याची किंवा रस्त्याची हमी नाही. नोंदणी विभागाच्या मोफत ई-सर्चमध्ये गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की आधीच्या करारांच्या ‘सूची दोन’ (नोंदणीकृत व्यवहाराचा गोषवारा) निघतात. कार्पेटच्या (भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेच्या) चौरस मीटरना १०.७६४ नं गुणून येणाऱ्या आकड्यानं त्यातल्या मोबदल्याला भागलं की प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारांचा चौरस फुटाचा दर मिळतो. साइट ऑफिसमधला ‘सेलेबल’चा (सामाईक जागेचा वाटा धरून मोजलेल्या क्षेत्राचा) दर त्याच्याशी ताडून बघा. तिसरं, विकास आराखडा (डीपी). जाहिरातीतला ‘१८ मीटर डीपी रोड’ आराखड्यात रेष म्हणून असतो, पण जमीन संपादित झाली नसेल तर इमारतीपर्यंत पोहोचायला शेजाऱ्याच्या जागेतून सहा मीटरची कच्ची वाटच उरते. महापालिकेच्या बांधकाम विभागातून झोन दाखला घ्या आणि रस्त्याचं भूसंपादन झालं का ते लेखी विचारा.

खर्चाचा अंदाज आधीच करा. ७० लाखांच्या बांधकामाधीन फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी ३.५ लाख, ७ टक्के मुद्रांक शुल्क ४.९ लाख आणि नोंदणी ३०,००० रुपये, म्हणजे ८.७ लाख वेगळे. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क १ टक्क्यानं कमी. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटला जीएसटी लागत नाही, आणि त्या वाचलेल्या पैशात पाण्याची सोय असलेल्या भागात घर घेता येतं.

नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम विकासकाला घेता येत नाही. करारात पाण्यासाठी वेगळं कलम मागा: सोसायटी हस्तांतरणानंतरही महापालिकेची जोडणी मिळेपर्यंत टँकरचा खर्च कुणाचा, जोडणीचा अर्ज कुणी आणि कधी करायचा, अनामत कोण भरणार. हे लिहून द्यायला नकार मिळाला तर दुसरी इमारत बघा.