अ‍ॅक्सेसची यादी वेबसाइटवर न्यायला एसएसएमए: टेबलं चोख, बाकीचं तुमच्याकडे

सदाशिव पेठेतलं एखादं वाचनालय किंवा अप्पा बळवंत चौकातलं पुस्तकांचं दुकान घ्या. वीस-पंचवीस हजार पुस्तकांची यादी अ‍ॅक्सेसच्या एका एमडीबी फाइलीत (मायक्रोसॉफ्टच्या या डेटाबेस प्रोग्रॅमची जुन्या धाटणीची फाइल) आहे आणि आता ती लोकांना घरबसल्या शोधता यायला हवी. अ‍ॅक्सेसमधूनच वेब अ‍ॅप करायची शेअरपॉइंट ऑनलाइन या वेबसेवेवरची सोय मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१८ मध्ये गुंडाळली. फाइल तशीच सर्व्हरवर चढवली तर लिनक्स होस्टिंगवर ती उघडणारा ड्रायव्हर नसतो. विंडोज होस्टिंगवर ती चुकून सार्वजनिक फोल्डरात पडली, तर पत्ता ओळखणारा कोणीही सभासदांच्या फोन नंबरांसकट ती उतरवून घेईल. त्यामुळे डेटा एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्याच मोठ्या डेटाबेसमध्ये हलवणं बरं, आणि त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं फुकट मिळणारं साधन म्हणजे एसएसएमए (एसक्यूएल सर्व्हर मायग्रेशन असिस्टंट) फॉर अ‍ॅक्सेस.

सुरुवातीलाच अडकायला होतं ते ३२ आणि ६४ बिटच्या भानगडीत. एसएसएमए ६४ बिटचं आणि मशीनवरचं ऑफिस ३२ बिटचं असलं, की डेटाबेसचा प्रोव्हायडर (म्हणजे ड्रायव्हर) रजिस्टर नाही असा एरर येतो. फाइल बिघडलेली नसते, ड्रायव्हर जुळत नसतो. जुन्या एमडीबीला वर्कग्रुप सिक्युरिटी (वापरणाऱ्यांच्या नाव-पासवर्डांचं जुनं कुलूप) असेल तर तीही आधी काढावी लागते.

पुढचं काम सरळ आहे. प्रोजेक्ट उघडा, फाइल जोडा, आधी फक्त काय नीट जाईल आणि काय नाही याचा रिपोर्ट काढा आणि तो खरंच वाचा. मग कन्व्हर्ट (रचना बदलणं), लोड (ती सर्व्हरवर चढवणं), मायग्रेट (डेटा हलवणं). टेबलं, इंडेक्स, नाती नीट जातात, ऑटोनंबर (आपोआप वाढणारा क्रमांक) आयडेंटिटी होतो, हो-नाहीचा रकाना बिट (० किंवा १) होतो. साध्या सिलेक्ट क्वेरींचे व्ह्यू (सर्व्हरवर साठवलेल्या क्वेरी) होतात. फॉर्म, रिपोर्ट, मॅक्रो आणि व्हीबीए कोड यांचं मात्र वेबपान होत नाही. शोधाचं पान वेगळं लिहून घ्यावंच लागतं, आणि ‘सगळं आपोआप होतं’ म्हणणाऱ्याला हे आधी विचारावं.

तारखांकडे विशेष लक्ष द्या. २००६ ऐवजी ०२०६ टाइप झालेली नोंद अ‍ॅक्सेस निमूट ठेवतो. डेटटाइम प्रकार नेमला तर १७५३ च्या आधीची तारीख एसक्यूएल सर्व्हर नाकारतो. डेटटाइम२ नेमला तर ती बिनबोभाट आत जाते आणि वेबसाइटवर पुस्तक अठराशे वर्षं थकलेलं दिसतं. हलवण्याआधी प्रत्येक तारखेच्या रकान्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी तारीख काढून पाहा.

खरी मेहनत मराठीची आहे, आणि तिथे एसएसएमएचा काही उपयोग नाही. यादी श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात किंवा सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम सॉफ्टवेअरमधल्या डीव्हीबी-टीटी फॉन्टात भरलेली असेल, तर फाइलीत मराठी नसतंच. रोमन अक्षरांवर आणि चिन्हांवर चढवलेले मराठी आकार असतात. एसएसएमए ते इमानाने हलवतं आणि ब्राउझरमध्ये कचरा दिसतो. हे दोन्ही फॉन्ट पुण्यातलेच, म्हणून इथे ही अडचण नवलाची नाही. युनिकोडमध्ये (ब्राउझरला कळणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात) रूपांतर अ‍ॅक्सेसमध्ये असतानाच करा, तेही फक्त मराठी रकान्यांचं. किंमत, फोन आणि आयएसबीएनचे रकाने त्यातून गेले तर त्यांचाच चिवडा होतो. पहिली वेलांटी आणि रफार सगळ्यांत जास्त चुकतात. जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर साठवलेला असतो, युनिकोडमध्ये नेमकं उलट. ‘निसर्ग’, ‘दुर्मिळ’, ‘विद्यार्थी’ असे शब्द शोधून पाहिले की रूपांतर कितपत जमलंय ते लगेच कळतं. पुढे हाताने क्वेरी लिहिताना अवतरणचिन्हाआधी एन (N) हे अक्षर लावायला विसरलात, तर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं साठतात.

शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांच्या साइट एकाच सर्व्हरवर) एसएसएमए थेट जोडता येईलच असं नाही. मग आधी आपल्या मशीनवरच्या एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या फुकट आवृत्तीत उतरवा. अ‍ॅक्सेसची फाइल २ जीबीच्या वर जातच नाही, त्यामुळे तिथे जागा पुरते. मग तिथला बॅकअप होस्टिंगवर चढवायचा. पण नव्या आवृत्तीचा बॅकअप जुन्या आवृत्तीवर चढत नाही, म्हणून होस्टिंगवाल्याकडची आवृत्ती पैसे भरण्याआधी विचारा. बॅकअपऐवजी टेबलं बनवणारी स्क्रिप्ट काढणार असाल तर ‘स्कीमा आणि डेटा’ हा पर्याय निवडा, नाहीतर रिकामी टेबलं वर जातील.

कार्यालयातले जुने फॉर्म चालू ठेवायचे असतील तर लिंक टेबल्सची सोय (फॉर्म जुन्या फाइलीत, टेबलं सर्व्हरवर) उत्तम आहे. प्रत्येक टेबलाला प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारा रकाना) हवीच, नाहीतर नोंदी नुसत्या वाचता येतात, बदलता येत नाहीत. हो-नाहीच्या रकान्यात नल (रिकामी मूल्यं) राहिले, तर दुसऱ्या कोणीतरी नोंद बदलल्याची खोटी तक्रार अ‍ॅक्सेस करत राहतो. शून्य हे डिफॉल्ट ठेवा आणि एसएसएमएला टाइमस्टँपचा (नोंद बदलली का ते सांगणारा) रकाना जोडू द्या. एवढं करूनही इंटरनेटवरून जोडलेले फॉर्म रेंगाळतात, विशेषतः सगळी यादी एकदम उघडणारे. तिथे उघडतानाच गाळणी लावून एका वेळी एकच नोंद मागवावी.