माल आमचा, चलान त्याचं

जहाजांना सामान पुरवण्याच्या धंद्यात नव्याने आलेल्यांनी हे जरूर वाचावं. दारुखान्यात आमचं दुकान आहे. दोरखंड, शॅकल (दोर-साखळ्या जोडायच्या लोखंडी कड्या), रंग, हातमोजे, आणि आता फारसं कुणी मागत नसलं तरी मेणबत्त्याही.

गेल्या वर्षी एक मध्यस्थ वरचेवर येऊ लागला. लहानसहान ऑर्डरी, पैसे रोख आणि वेळेआधी. (हे गळाला लावलेलं आमिष असतं.) मग मोठी यादी आली. मुंबईबाहेर नांगरलेल्या परदेशी जहाजाला मुरिंगचे, म्हणजे जहाज बांधून ठेवायचे दोर, डेकचा रंग, बरंच काही. यादी चोख, प्रत्येक वस्तूपुढे इम्पा या जहाजी खरेदीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सहा आकडी कोड. उधारी 60 दिवसांची. त्यात नवल नाही, आमच्या धंद्यात तेवढी चालतेच. अट एकच, "शेठ, चलान माझ्या फर्मचं लावू. मालकाकडे माझंच खातं आहे."

भाऊच्या धक्क्यावरून लाँच आम्ही केली, माल आमच्या पोरांनी चढवला. कप्तानाने सही-शिक्का दिला तो त्याच्या चलानावर. कस्टमचे कागदही त्याच्याच नावाने. जहाज निघून गेलं आणि पुढे मध्यस्थाचं रोज एकच उत्तर, "मालकाने अजून पैसे सोडले नाहीत."

शेवटी जहाज चालवणाऱ्या कंपनीला थेट मेल केली. त्यांनी मध्यस्थाला पूर्ण रक्कम केव्हाच दिली होती, तीही आमच्या बिलापेक्षा कितीतरी जास्त! आम्ही कोण, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. आमचं बिल मध्यस्थाच्या फर्मवर, आणि फर्मच्या पत्त्यावर आता मोबाइलचं दुकान. पोलीस म्हणाले, दिवाणी मामला आहे.

2017 च्या ॲडमिरल्टी (जहाजांवरच्या दाव्यांच्या) कायद्याने पुरवलेल्या मालाच्या थकबाकीसाठी उच्च न्यायालयातून जहाज अटकवता येतं. पण जहाज भारताच्या हद्दीत हवं, आणि देणं त्याच्या मालकावर निघायला हवं. खलाशांच्या पगाराला जसा जहाजावरच बोजा चढतो, तसा आपल्या बिलाला चढत नाही. मधल्या काळात जहाज विकलं गेलं की दावा लंगडा. आमची गाडी तर त्याआधीच अडली, कारण माल आम्ही दिला हे सांगणारा जहाजाचा एकही कागद आमच्याकडे नव्हता.

आता आयएमओ नंबर (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक) टाकून इक्वासिस या जहाजांची माहिती देणाऱ्या वेबसाइटवर मालक-मॅनेजर कोण ते पाहतो आणि ऑर्डर त्यांच्याच मेलवरून मागतो. चलान आमचं, त्यावर 'कप्तान व मालकांच्या खाती' ही ओळ. मध्यस्थाचं कमिशन आमचे पैसे जमा झाल्यावर. यावर कुणी तोंड वाकडं केलं, तर चहा पाजून वाटेला लावतो.