अंदमान: ग्रुप टूर की आपल्यापुरती गाडी?

अंदमानला जायचं नक्की झालं की सोलापुरात पुढचा वाद ठरलेला. ओळखीच्या टूरवाल्याकडे ग्रुपमध्ये नावं घालायची, की घरच्या चार-सहा जणांपुरती सहल वेगळी आखून घ्यायची? राधानगरचा किनारा कसा आहे, सेल्युलर जेलमध्ये काय बघायचं, हे आता कुणाला सांगायची गरज नाही, ते सोडून देतो. मी आपल्यापुरत्या सहलीच्या बाजूने गेलो आणि पुन्हा जायचं झालं तरी तेच करेन. पण ग्रुप टूर वाईट, असं माझं म्हणणं नाही. काही घरांना तीच सोयीची, ते ओघात येईलच.

आधी 'प्रायव्हेट' या शब्दाला अंदमानात किती अर्थ आहे ते बघू. एक गाडी, एक ड्रायव्हर आणि सगळा प्रवास आपल्या मर्जीने, असं तिथं होत नाही, कारण गाडी समुद्र ओलांडत नाही. पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) एक गाडी, हॅवलॉकला म्हणजे स्वराज द्वीपला दुसरी, नीलला म्हणजे शहीद द्वीपला तिसरी. मधला प्रवास बोटीचा, आणि बोट सगळ्यांची एकच. मॅक्रुझ, नॉटिका, ग्रीन ओशन या खासगी बोटी असोत की सरकारी फेरी, ग्रुपमधली माणसं आणि तुम्ही शेजारच्याच खुर्च्यांवर बसता. सुटायची वेळ तीच, धक्क्यावर तासभर आधी पोचायचं तेही तेच. तुमचं स्वातंत्र्य सुरू होतं ते बोटीतून उतरल्यावर.

तेही आपोआप मिळत नाही. तिथल्या बहुतेक खासगी पॅकेजमध्ये गाडी 'पॉइंट टू पॉइंट' असते. ड्रायव्हर किनाऱ्यावर सोडतो, तास-दीड तासाने न्यायला येतो आणि मधल्या वेळात दुसऱ्यांचं भाडं मारतो. कागदावर 'प्रायव्हेट कार' लिहिलेलं खोटं नसतं, पण 'अजून अर्धा तास थांबू' म्हणालात की त्याचा चेहरा बदलतो. दिवसभर गाडी हाताशी हवी असेल तर 'फुल डे डिस्पोजल' हे शब्द वापरून मागावी लागते. त्याचे पैसे जास्त पडतात. तीनही बेटांवर ती घ्यायची गरज नाही. पोर्ट ब्लेअरला पॉइंट टू पॉइंट पुरतं, हॅवलॉकला एक दिवस आणि नीलला पूर्ण दिवस डिस्पोजल घ्या.

सोलापूरकरांसाठी एक वेगळा हिशेब आहे, आणि टूरवाल्यांच्या जाहिरातीत तो कधी नसतो. ग्रुप जमतो मुंबईला, फार तर पुण्याला. म्हणजे पूर्वेकडच्या समुद्रात जायला आपण आधी चारशे किलोमीटर पश्चिमेला जायचं, विमान पहाटेचं असेल तर तिथं रात्र काढायची, आणि परतताना पुन्हा तेच. हैदराबाद सोलापूरहून तीनशेच्या आसपास किलोमीटर, गाडीने पाच-सहा तास. चेन्नई आणि कोलकाता हे अंदमानचे जुने दरवाजे, पण हैदराबाद-बेंगळुरूहूनही थेट विमानं असतात. मुंबई-चेन्नई रेल्वेमार्ग तर सोलापुरातूनच जातो. सहल आपली असेल तर दरवाजा आपण निवडतो. ग्रुपमध्येही 'परस्पर पोर्ट ब्लेअरला भेटतो' असं सांगता येतं, बरेच टूरवाले त्याला तयार असतात. मात्र तेव्हा विमानतळावरून हॉटेलपर्यंतची गाडी आपली आपण, हे विचारून घ्या.

आता ग्रुपची बाजू. दोन गोष्टींत ती खरोखर वरचढ आहे.

पहिली बोट रद्द होण्याची. पावसाळ्यात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या वादळी दिवसांत समुद्र खवळला की फेऱ्या बंद होतात. अशा वेळी चाळीस तिकिटं एकदम काढणाऱ्याचा शब्द स्थानिक एजंटाकडे चालतो. त्याला पुढच्या बोटीत जागा मिळते, हॉटेलची रात्र वाढवून मिळते. चार तिकिटांच्या माणसाला रांगेत उभं राहावं लागतं. गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा उरकल्यानंतर, जानेवारीअखेर ते एप्रिल, समुद्र बहुधा शांत असतो, तेव्हा हा मुद्दा फिका पडतो. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर मात्र तो मोठा आहे. दोन्ही प्रकारांत शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवा. हॅवलॉकहून सकाळच्या बोटीने येऊन दुपारचं विमान गाठायचा कार्यक्रम कुणी दिला, तर तो कागद तिथंच परत करा.

दुसरी सेल्युलर जेलची. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाचे सात पंख होते, आज तीन उभे आहेत. त्यात सावरकरांची कोठडी आहे. ते १९११ ते १९२१ अंदमानात होते. चांगला मराठी टूर मॅनेजर ही जागा अशी सांगतो की पोरंसुद्धा मोबाइल खिशात घालतात. खासगी सहलीत तिथला गाइड हिंदीत ठरीव माहिती देतो. ती चूक नसते, पण घाईची असते. ही कसर भरून निघत नाही. घरातल्या एखाद्याने आधी वाचून जाणं एवढाच उपाय.

जेवणाचा मुद्दा लोक फार मोठा करतात. ग्रुपबरोबर आचारी असला तर रात्री पिठलं-भात मिळतो, हे खरं. पण सोलापूरच्या माणसाला कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर असताना बेटावर उपाशी राहायची भीती कसली? फक्त चटणी चेक-इनच्या बॅगेत टाका. मिरचीपूड हातातल्या बॅगेत अडवली जाऊ शकते.

ज्या गोष्टीने माझा कौल ठरला ती वेगळीच आहे: उजेड आणि ओहोटी. सोलापूर साधारण ७६ रेखांशावर, पोर्ट ब्लेअर ९३ च्या जवळ. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण डिसेंबरात तिथं आपल्याहून सव्वा तास आधी उजाडतं आणि पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. सहाला काळोख. किनारे सूर्यास्तानंतर रिकामे करायला लावतात. म्हणजे बघण्याजोगा दिवस सकाळी साडेपाच ते संध्याकाळी पाच. आता पस्तीस माणसांचा कार्यक्रम यावर ठेवून बघा. आठला नाश्ता, साडेनऊला बस, एक ते अडीच जेवण, मग कुणाची टोपी राहिली, कुणाला बाथरूमला जायचंय. राधानगरला पोचेपर्यंत चार वाजतात, आणि हॅवलॉकच्या धक्क्यापासून तो किनारा बारा किलोमीटरवर आहे. उरतो तासभर. मोजून सांगत नाही, पण ग्रुपमध्ये रोजचे दोन तास उजेड नुसता वाट बघण्यात जातो, असा माझा अनुभव. त्यात मॅनेजरचा दोष नसतो. पस्तीस जणांना पहाटे पाचला कोण उठवणार?

आपली गाडी असली की हॅवलॉकचा दिवस उलटा लावता येतो. काळापत्थरचा किनारा पूर्वेला आहे, तो उजाडताना. नाश्त्यानंतर एलिफंट बीचची पहिली स्पीडबोट, कारण सकाळी पाणी निवळ असतं आणि गर्दी कमी. दुपारी सावलीत आराम, आणि राधानगरला तीनलाच. किनारा तोच, पण निवांत दोन तास मिळतात.

नीलवर तर ग्रुपचं वेळापत्रक साफ हरतं. या बेटावरच्या दोन जागा एकमेकींच्या उलट वेळेला चांगल्या असतात. लक्ष्मणपूरजवळचा नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच नीट बघता येतो. पाणी उतरल्यावर खडकांवरून चालत जायचं, खळग्यांमधले मासे, समुद्रकाकड्या बघायच्या. भरतीला तिथं लांबून पाणी बघून परत फिरावं लागतं. भरतपूरचा किनारा नेमका उलट. तिथं काचेच्या तळाच्या बोटी आणि पोहणं भरतीला, ओहोटीला पोवळ्यांचे खडक उघडे पडतात. आणि ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. आज नऊला असेल तर चार दिवसांनी बाराच्या पुढं. छापील कार्यक्रमात मात्र 'सकाळी ११: नॅचरल ब्रिज' हे वर्षभर तसंच असतं. त्यातून पुष्कळ ग्रुप नीलला मुक्कामच करत नाहीत. एका बोटीने उतरायचं, चार-पाच तासांत तीन जागा उरकायच्या, दुपारच्या बोटीने पुढं. त्या चार-पाच तासांत ओहोटी आली तर नशीब. बेट एवढं लहान आहे की गाडी हाताशी असली तर भरतपूर आधी की पूल आधी हे तिथं पोचूनही बदलता येतं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी डिस्पोजलचे पैसे मोजायला तयार असतो.

कोकणातला माणूस तिथीवरून भरती-ओहोटी सांगतो. आपण कोरड्या मुलखातले, आपल्याला ती सवय नाही. तरी एवढं लक्षात ठेवा: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, अष्टमीच्या सुमारास दोन्ही बेताचंच. अष्टमीला गेलात तर ओहोटीतही पुलाजवळचे खडक पुरते उघडे पडत नाहीत. पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टक इंटरनेटवर मिळतं, नीलला तेच अंदाजाने चालतं. नीलचा मुक्काम त्यावरून ठरवा आणि बाकीचे दिवस त्याच्या मागंपुढं लावा.

स्वतः आखणाऱ्यांच्या ठरलेल्या चुका दोन. हॅवलॉक शेवटी ठेवून तिथं स्कूबा करतात आणि दुसऱ्या दिवशी विमान. स्कूबानंतर १८ ते २४ तास विमानात बसू नये, रक्तात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुडे धरतो. ग्रुपच्या कार्यक्रमात हॅवलॉक मध्येच असतं, त्यामुळे तिथं हा घोळ होत नाही. दुसरी चूक सुट्टीच्या दिवसाची. सेल्युलर जेल कोणत्या दिवशी बंद असतं ते आधी बघितलेलं नसतं आणि नेमका तोच दिवस पोर्ट ब्लेअरला मोकळा सुटतो.

चुनखडीच्या गुहा बघायला लोक जातात त्या बाराटांग बेटाला खासगी गाडीचा फायदा जवळजवळ शून्य. जिरकाटांगच्या नाक्यावरून पुढं जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून सगळ्या गाड्या ताफ्यानेच जातात. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, पुढच्या गाडीला मागं टाकायचं नाही. सहाचा पहिला ताफा गाठायला पोर्ट ब्लेअरहून साडेतीनच्या सुमारास निघावं लागतं. त्यानंतर गाड्या नेणारी फेरीबोट, मग खारफुटीतून लहान बोट, मग चुनखडीच्या गुहेपर्यंत किलोमीटरभराहून जास्त चाल. गुडघे दुखणाऱ्यांनी हा दिवस सरळ गाळावा. ग्रुपमध्ये तो गाळून हॉटेलवर एकटं बसावं लागतं, आपल्या सहलीत त्याच दिवशी पोर्ट ब्लेअरजवळच्या चिडिया टापूला जाता येतं.

पैशाचं थोडक्यात. दोघंच असाल तर खासगी सहल दरडोई ठळक महाग पडते. चौघांत फरक कमी होतो, सहा जणांत जवळजवळ राहतच नाही. पण सहा मोठी माणसं आणि सहा बॅगा एर्टिगात मावत नाहीत. इनोव्हा वरच्या कॅरियरसह मागा, नाहीतर धक्क्यावर दुसरी गाडी शोधावी लागते. ग्रुपचा जाहिरातीतला आकडा बघताना जीएसटी, एलिफंट बीचची स्पीडबोट, बाराटांग आणि मुंबईपर्यंतचं जाणं-येणं त्यात मिळवून मग तुलना करा.

सोबत सत्तरीपुढचं कुणी असेल आणि उचलाउचल करणारा तरुण नसेल, किंवा नवरा-बायको दोघंच आणि पहिल्यांदाच विमानात बसणार असाल, तर ग्रुप बरा. बॅगा, तिकिटं, आधार कार्डाच्या प्रती यांची काळजी दुसरा घेतो, संध्याकाळी गप्पांना माणसं मिळतात. नाहीतर माझा कल तुम्हाला कळलाच आहे. भाषेची धास्ती नको, हिंदी सगळीकडे चालते, आणि बरेच ड्रायव्हर तमिळ, बंगाली नाहीतर तेलुगू बोलणारे. शहराच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या सोलापूरकराला तेलुगू ड्रायव्हर मिळाला तर थांबायच्या अर्ध्या तासाचे पैसेही बहुधा लागत नाहीत.

आगाऊ रक्कम भरण्याआधी एजंटाकडून व्हॉट्सॲपवर लेखी घ्या: नीलला रात्रीचा मुक्काम आहे का, कोणत्या बेटावर गाडी डिस्पोजल आहे आणि किती वाजल्यापासून, बोटीचं नाव आणि वेळ, बोट रद्द झाली तर जादा रात्रीचे पैसे कुणाचे, आणि तीनही बेटांवरच्या ड्रायव्हरांचे नंबर. हे नंबर निघण्याआधीच कागदावर उतरवून ठेवा, कारण हॅवलॉकच्या धक्क्यावर नेटवर्क मिळेलच असं नाही.