एसक्यूएस आणि डीप आर्काइव्ह: आठ महिने वापरल्यावर

नौपाड्यात आमचं स्कॅनिंगचं दुकान. सोसायट्यांची जुनी दप्तरं, पिवळे पडलेले नकाशे स्कॅन करून ओसीआर करायचं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढायचा. रात्रंदिवस सर्व्हर चालू ठेवणं परवडेना. म्हणून ॲमेझॉनच्या क्लाउडवर गेलो: फाइली डीप आर्काइव्ह या स्वस्त पण संथ साठवणीत, कामांची रांग एसक्यूएस या रांग सांभाळणाऱ्या सेवेत आणि मशीन स्पॉटवर, म्हणजे ॲमेझॉनकडची रिकामी मशीन स्वस्त भाड्याने, लागेल तेवढीच. रांगेला महिन्याला पहिल्या 10 लाख रिक्वेस्ट (मेसेज टाकणं, उचलणं, पुसणं) फुकट; एक मेसेज म्हणजे आमचं एक काम. आमचं त्यात आरामात भागतं. स्पॉट मशीन 2 मिनिटांच्या सूचनेवर काढून घेतात, पण अर्धवट राहिलेला मेसेज पुन्हा रांगेत येतो, काम बुडत नाही.

पहिल्या आठवड्यात माती मीच खाल्ली. एका मशीनने उचललेला मेसेज बाकीच्यांना, सेटिंग बदललं नाही तर, 30 सेकंदच दिसत नाही; मग पुन्हा दिसू लागतो. आमचं एक दप्तर 4 मिनिटं खातं. एकच नकाशा तीन मशीननी वाचला! ही न दिसण्याची मुदत 10 मिनिटं केली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

डीप आर्काइव्ह स्वस्त, पण घाईवाल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. स्टँडर्ड पद्धतीने मागवली तर फाइल परत यायला 12 तासांपर्यंत, बल्क पद्धतीने 48. शनिवारी संध्याकाळी एका सेक्रेटरीकाकांना कागद 'आत्ताच्या आत्ता' हवा होता; चहा पाजला आणि सोमवारी बोलावलं. आणि हो, 180 दिवसांच्या आत फाइल पुसली तरी उरलेल्या दिवसांचं भाडं लागतंच. टेस्टिंगच्या फाइली तिथे टाकू नका.