बाबाजी की नानाजी : औरंगपुऱ्यातील मोडी-उर्दू वाचनसेवेविषयी

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात निजामकाळातील मोडी आणि उर्दू कागद वाचून देवनागरीत उतरवून देणारे एक गृहस्थ आहेत. आमच्या खापरपणजोबांच्या नावावरून भावकीत चाललेला जुना वाद आम्ही त्यांच्याकडे नेला होता. हा अभिप्राय त्या कामाविषयी आहे.

घरच्या वंशावळीत खापरपणजोबांचे नाव बाबाजी आहे आणि 1918 च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, ते गेले, असे आजी सांगत असे. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत मात्र शके 1831 मध्ये, म्हणजे 1909 साली, बाबाजींचे श्राद्ध झाल्याची नोंद आहे. दुसरी शाखा मूळ पुरुष नानाजी मानते. त्यातच फसली (निजामी महसुली सन) 1327 च्या जमिनीच्या उर्दू कागदात बाप आणि लेक या दोघांची नावे एकसारखीच दिसत होती, आणि हयात बापाचे नाव लेकाला ठेवण्याची रीत तर आपल्याकडे नाही.

घाईने लिहिलेल्या शिकस्ता या मोडक्या वळणात कारकून नुक्ते, म्हणजे अक्षरांचे वरचे-खालचे ठिपके, गाळत असत, आणि नुक्ते नसले की उर्दूत ‘बाबा’ व ‘नाना’ यांच्या आकृतीत काडीचाही फरक उरत नाही. त्या गृहस्थांनी भिंगाखाली धरून हे आम्हाला अक्षर न् अक्षर दाखवले, दोन्ही नावांपुढे दोन्ही वाचने लिहिली आणि केवळ या कागदावरून निवाडा देण्यास नकार दिला. त्याच सर्व्हे नंबरचा पटवाऱ्याचा मोडी कागद त्यांनी मागवून घेतला. मोडीत ‘बा’ आणि ‘ना’ यांची गल्लत होत नाही; तिथे ‘नानाजी बिन बाबाजी’, म्हणजे बाबाजींचे पुत्र नानाजी, असे स्वच्छ निघाले आणि चतुःसीमेतील शेजाऱ्यांची नावेही उर्दू कागदाशी जुळली. वहीतील श्राद्ध नानाजींनी आपल्या वडिलांचे केले होते, हे मग उलगडले. फसली 1328 च्या कागदात जमीन नानाजींच्या मुलाच्या नावे लागलेली आहे, त्यामुळे मानमोडीत गेले ते नानाजीच असावेत. थोरल्या काकांनी तसे लिहून मागितले, तेव्हा ते म्हणाले, “काका, मृत्यूचं कारण कागदात नाही, मी लिहिणार नाही.” 2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी शिंदे समिती नेमली गेल्यापासून अशा वाचकांकडे गर्दी वाढली आहे आणि मनाजोगे वाचन मागणारेही येतात, अशा काळात हा काटेकोरपणा मला फार मोलाचा वाटतो.

उणिवा आहेत. काम बरेच रेंगाळले. फसली सनापुढे त्यांनी 1917 एवढाच इसवी सन लिहिला होता. निजामी फसली वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होत असल्याने तिथे 1917-18 असे हवे होते. सांगितल्यावर त्यांनी दुरुस्ती केली, पण मृत्यूचा काळ ठरवताना नेमका हाच फरक महत्त्वाचा असतो.

जाणाऱ्यांनी मोबाइलवरचे फोटो नेऊ नयेत. पुसट झालेला नुक्ता आणि मुळातच न दिलेला नुक्ता फोटोत सारखेच दिसतात; मूळ कागद किंवा चांगले स्कॅन न्यावे, आणि एकाच गटाचे उर्दू व मोडी असे दोन्ही कागद मिळत असतील तर दोन्ही न्यावेत.