शनिवारची एकच संध्याकाळ : नाटक, प्रायोगिक, स्टँडअप की लावणी?

नागपूरची माझी मावसबहीण कामासाठी दोन-तीन महिन्यांनी पुण्यात येते आणि तिचा फोन ठरलेला असतो. "दादा, शनिवारची संध्याकाळ मोकळी आहे. काय बघू?" यावर लोक एखाद्या नाटकाचं नाव सांगून मोकळे होतात. मी तिला उलट विचारतो, "कलाकारापासून किती लांब बसायचंय तुला?" पहिल्यांदा तिला ती पुणेरी थट्टा वाटली. पण विनोदी की गंभीर, मराठी की हिंदी, यापेक्षा या एका प्रश्नानं माझ्या स्वतःच्या कितीतरी संध्याकाळी वाचल्या आहेत.

सगळ्यात लांबचं अंतर व्यावसायिक नाटकाचं. बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला 1962 साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली आणि 26 जून 1968 रोजी ते सुरू झालं. जवळजवळ हजार खुर्च्यांचं हे घर. एवढं घर भरायचं, तर नाटकही त्या मापाचं लागतं. चेहरे मालिकांतून ओळखीचे, हशे नेमके पेरलेले, मध्यंतराला कथेत एक धक्का. हे मी नाक मुरडून सांगत नाही. बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेतल्या आजींना आणि पहिल्या रांगेतल्या जाणकारांना एकाच क्षणी हसवायचं, तेही रोज, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. प्रशांत दामले यांनी नोव्हेंबर 2022 मध्ये आपल्या कारकिर्दीतला 12,500 वा प्रयोग केला. या आकड्यात किती एसटी स्टँड, किती डबे आणि किती बसलेले घसे असतील, ते नाटकवाल्यांनाच ठाऊक. इथला नट तुमच्याकडे बघत नाही, पण तुमचं ऐकत असतो. हशा ओसरेपर्यंत पुढचं वाक्य तो ओठांवर धरून ठेवतो. एकदा ते टिपायला लागलात की साधारण नाटकातही मजा येते.

वेळा दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाचच्या आसपास आणि रात्री साडेनऊ. तिकीट बहुधा 300 ते 500 रुपये, बाल्कनी त्याहून स्वस्त. तिकिटालय किंवा बुकमायशोवर मिळतं, पण खिडकीवर जाऊन चार्ट बघून खुर्ची निवडायची सवय मला अजून सोडवत नाही. पहिल्या दोन रांगा टाळा, तिथून मान वर करून बघावं लागतं. पाचवी ते दहावी रांग, मधल्या वाटेजवळची खुर्ची उत्तम. साडेनऊचा प्रयोग सुटेपर्यंत बारा वाजून गेलेले असतात. येताना संभाजी उद्यान स्टेशनवर मेट्रोनं उतरता येतं, जाताना रिक्षावाल्याशी घासाघीस अटळ आहे. आणि मध्यंतरात बटाटेवडा. तो चुकवला, तर बालगंधर्वला गेलो होतो असं पुण्यात कुणी मानत नाही.

तक्रार एकच, आणि ती नाटकवाल्यांबद्दल नाही. एका नाट्यगृहात ऐन मे महिन्यात वातानुकूलन बंद होतं आणि माझ्या मागच्या गृहस्थांनी नायिकेच्या मरणाच्या प्रवेशात फोन उचलून "नाटकात आहे, बोल ना" म्हटलं. हजार माणसांत असला एक निघतोच, हे धरूनच जावं.

आता जवळ येऊ. शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचानं पुण्यातल्या एका पिढीला हातभर अंतरावरून नाटक बघायची सवय लावली. ती सवय असलेले लोक आता हिराबागेतल्या श्रीराम लागू रंग-अवकाशात आणि एरंडवण्यातल्या द बॉक्समध्ये दिसतात. काळी खोली, शंभर-दीडशे माणसं, आणि खुर्च्या दिग्दर्शक म्हणेल तशा. कधी तीन बाजूंना, कधी समोरासमोर. नट तुमच्या इतका जवळ असतो की त्यानं प्रवेशात खरोखर कांदा चिरला, तर पाणी तुमच्याही डोळ्यांत येतं. गंमत म्हणजे इतक्या जवळ असूनही तो तुम्हाला बघतच नाही, तुम्ही तिथं नाहीच असं धरून चालतो. कुणाच्या तरी घराच्या खिडकीत चोरून उभं राहिल्यासारखं हे बघणं. काहींना ते नको होतं, काहींना त्याचंच व्यसन लागतं.

धोका सांगायला हवा. पाच प्रायोगिक नाटकांतली दोन फसतात, हा माझा हिशेब. आणि फसलं तरी उठता येत नाही, कारण दाराकडे जायची वाट बऱ्याचदा नटाच्या पुढ्यातून असते! उशिरा आलात तर आतही घेत नाहीत. पण प्रयोग तासा-सव्वातासाचा, मध्यंतर नाही, तिकीट व्यावसायिक नाटकापेक्षा कमी, आणि संपल्यावर चहाच्या टपरीवर तोच नट शेजारी उभा असतो. जमलं नाही तर तसं त्याला सांगता येतं. मी सांगितलंय. त्यानं चहाचे पैसे मला द्यायला लावले.

या वाटेला पुण्यात जुनी ओल आहे. सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात 16 डिसेंबर 1972 रोजी 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. त्यावरून ते बसवणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेत फाटाफूट झाली आणि 1973 च्या मार्चमध्ये थिएटर अकॅडमी उभी राहिली. त्याच भरतमध्ये 1963 पासून महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा होते. तुमचा शनिवार ऑगस्टातला असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि तिथं जा. एका बैठकीत महाविद्यालयांच्या तीन एकांकिका. त्यातली एक बाळबोध, एक अगम्य, आणि तिसरी कदाचित अशी, की पाच वर्षांनी तिच्यातल्या पोराला पडद्यावर बघताना तुम्ही घरच्यांना "याला मी तेव्हा पाहिलं होतं" म्हणून पिडाल. शिवाय "अरे आव्वाज कुणाचा" ही आरोळी सभागृहात बसून ऐकण्यात जे आहे, ते मोबाइलवर येत नाही.

स्टँडअपला अंतर जवळजवळ उरतच नाही. इथला कलाकार थेट तुमच्याकडे बघतो, तुमच्याशी बोलतो, आणि पहिल्या रांगेत बसलात तर तुमचा शर्ट, नोकरी, लग्न यांवर पाच मिनिटं काढतो. त्याला क्राउड वर्क म्हणतात. कोरेगाव पार्क, बाणेर किंवा डेक्कनकडच्या एखाद्या कॅफेच्या वरच्या मजल्यावर शनिवार-रविवारी काही ना काही असतंच. मात्र जाहिरातीतला शब्द नीट वाचा. ओपन माईक म्हणजे नवखी पोरं चार-पाच मिनिटं नवीन विनोद घासून बघणार. तिकीट स्वस्त, हशाची हमी नाही. लाइनअप म्हणजे चार-पाच जणांचे दहा-पंधरा मिनिटांचे सेट. सोलो म्हणजे एकच माणूस तासभर. पहिल्यांदा जाणाऱ्यानं लाइनअप घ्यावा, एक आवडला नाही तर दुसरा असतो.

भाषेचंही विचारून घ्या. पुण्यात बराच कार्यक्रम हिंदीत चालतो. निव्वळ मराठी स्टँडअपला भाडिपानं, म्हणजे 'भारतीय डिजिटल पार्टी' या यूट्यूब वाहिनीनं, 2016 नंतर चांगला रेटा दिला. एकट्या माणसानं रात्र जागवणं आपल्याला नवं नाहीच म्हणा. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटे 52 पात्रं उभी करत. फरक असा, की ते पात्रांच्या आड उभे असायचे आणि आजचा कॉमिक स्वतःच्याच आयुष्याची चिंधी काढून दाखवतो. आईवडिलांना नेऊ नका. विनोद चावट असतात म्हणून नव्हे, बाबा तुमच्या शेजारी बसून हसायचं थांबवतात म्हणून.

चौथा पर्याय लावणी, आणि इथं लोक सर्वांत जास्त फसतात, कारण एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली रंगमंचावरची. मोठ्या नाट्यगृहात, झगझगीत दिवे, बऱ्याचदा मागे ट्रॅक, मधेमधे सिनेमातली गाणी, शिट्ट्या, वन्स मोअर. यातले खास महिलांसाठीचे प्रयोग मात्र बघण्यासारखे, निदान ऐकीव माहितीवरून. माझी आई एका अशा प्रयोगाहून घसा बसवून आली, आणि कुणी शिट्ट्या मारल्या ते आजवर सांगितलेलं नाही. दुसरी संगीत बारीतली. सोलापूर रस्त्यावर चौफुल्याला कलाकेंद्रं आहेत, तिथं पार्ट्या, म्हणजे कलावंतांचे संच, आपापल्या बारीनं, म्हणजे पाळीनं, उभ्या राहतात. पेटी, तबला, ढोलकी समोर वाजते, आणि बैठक लावली तर बाई समोर बसून गाते. कॅबरेसारखं काही पुण्यात आहे का असं कुणी विचारलं तर लोक हिच्याकडे बोट दाखवतात, पण मला ती तुलना उथळ वाटते. बैठकीच्या लावणीत नाच जवळजवळ नसतोच. एकच ओळ पाच वेळा येते आणि दर वेळी भुवई, बोट, मानेचा कल बदलून तिचा अर्थ बदलतो. यमुनाबाई वाईकर ज्या अदाकारीसाठी ओळखल्या जात, ती ही. इथं कलाकार तुमच्याकडे बघते, पण ते बघणं हाच तिच्या कलेचा भाग असतो. तुम्ही नजर झुकवलीत की पुढची ओळ ती तुमच्यावरच म्हणते.

चौफुल्याला जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर होतात, आणि तिथले रिवाज, दौलतजादा (कलावंतांना खुशीनं पैसे देणं) वगैरे, नवख्याला अवघड जातात. त्यामुळे एकाच संध्याकाळीत हे बसवू नका. शहरात कुणी संगीत बारीतल्या कलावंतांना घेऊन बैठकीचा कार्यक्रम करत असेल, तर मात्र तो सोडू नका.

चित्रं बघायला वेगळी संध्याकाळ लागत नाही. साडेपाचचं नाटक असेल तर साडेचारला जा आणि बालगंधर्वच्याच कलादालनात चक्कर मारा. घोले रस्त्यावरचं राजा रविवर्मा कलादालनही जवळच आहे. प्रवेश फुकट, आणि चित्रकार स्वतःच कोपऱ्यात बसलेला असतो. त्याच्याशी बोला, तो बिचारा सकाळपासून वहीत अभिप्राय लिहिणाऱ्यांची वाट बघत असतो.

मग घ्यायचं काय? आईवडील किंवा सासूसासरे सोबत असतील, तर संध्याकाळचं व्यावसायिक नाटक, दुसरा विचार नको. मराठी कच्चं असलेले ऑफिसातले मित्र असतील तर लाइनअप, आणि तिसरी रांग. एकटे असाल, किंवा ज्याच्याशी नंतर दोन तास भांडता येईल असं माणूस बरोबर असेल, तर प्रायोगिक. मला विचाराल तर फसायची तयारी ठेवून मी दर वेळी तेच घेतो.

मावसबहिणीला मी गेल्या खेपेस काळ्या खोलीत नेलं. चाळीस मिनिटांनी तिनं कानात विचारलं, "दादा, हा माणूस कधीपासून नुसता भिंतीकडेच का बघतोय?" पुढच्या शनिवारचं तिकीट तिनं स्वतः काढलंय. बालगंधर्व, रात्री साडेनऊ, एफ रांग. आणि वडे माझ्याकडे लागले आहेत.